सायकलच्या देखभालीसाठी छोटा टॉर्क रेंच कसा निवडला? आपले अनुभव लिहावेत

धागाकर्त्याचे निवेदन

कार्बनचा हँडलबार किंवा कार्बनची सीटपोस्ट (सीटखालची दांडी) असलेली सायकल घरी आली की ॲलन की हाताला जड लागेपर्यंत आवळत राहण्याची सवय सोडावी लागते. स्टेमवर, म्हणजे हँडलबार धरून ठेवणाऱ्या भागावर, बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या (आवळण्याच्या बळाचे, म्हणजे टॉर्कचे एकक) आसपासचा आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो. त्याहून जास्त आवळल्यास कार्बनला तडा जाण्याचा धोका असतो, आणि फारच कमी आवळल्यास खड्ड्यात चाक आपटताच हँडलबार फिरू शकतो. बाजारात मात्र टॉर्क रेंचचे, म्हणजे ठरवलेल्या बळापर्यंतच बोल्ट आवळण्यास मदत करणाऱ्या पान्यांचे, एकाच आकड्यावर बांधलेल्या मुठीपासून डिजिटल पान्यापर्यंत इतके प्रकार आहेत की निवड करणे अवघड होते. ज्यांनी असा पाना घेऊन वापरला आहे त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत. नुसते ‘अमुक घ्या’ असे न सांगता तो कोणत्या बोल्टसाठी वापरता हेही लिहिल्यास इतरांना अधिक उपयोग होईल.

पुण्याहून, ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) करणारा एक सायकलस्वार

मी दुकानात जाण्यापूर्वी माझ्या सायकलवरील सर्व बोल्टचे आकडे उत्पादकांच्या माहितीपत्रकांतून एका वहीत उतरवून घेतले, आणि निवडीचे निम्मे काम तेथेच झाले. स्टेम आणि सीटपोस्टचे बोल्ट ४ ते ७ न्यूटन-मीटरमध्ये येतात, डिरेलरची (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाची) केबल धरणारा बोल्ट ६ ते ७ मध्ये येतो आणि शिमानोच्या डाव्या क्रँकचे (पेडलच्या दांड्याचे) दोन बोल्ट १२ ते १४ मागतात. त्यानंतर एकदम उडी आहे, कारण कॅसेटच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या) लॉकरिंगला ४० आणि बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक फिरतात त्या बेअरिंगच्या) कपांना ३५ ते ५० लागतात. दोन्ही टोके सांभाळणारा पाना शोधण्यात अर्थ नाही, हे वही पाहूनच कळले. म्हणून मी २ ते १४ न्यूटन-मीटरचा पार्क टूलचा क्लिक पद्धतीचा (ठरवलेला आकडा आला की आतल्या स्प्रिंगमुळे ‘टक’ असा आवाज करणारा) पाना घेतला, आणि कॅसेटचे काम वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच निघत असल्याने ते दुकानात करून घेतो. क्रँकच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी जेमतेम ०.७ ते १.५ न्यूटन-मीटरची असते. ती या पान्याच्याही आवाक्याखाली राहते, म्हणून तिच्यासोबत मिळणाऱ्या छोट्या चकतीने बोटांनीच बसवावी.

ठाण्याहून, सायकल सुटी करून प्रवासाला नेणारी

विमानाने किंवा रेल्वेने सायकल नेताना मला हँडलबार, सीटपोस्ट आणि पेडल एवढेच काढावे लागते. त्यांपैकी पेडल सोडून बाकीच्यांसाठी ४ ते ६ न्यूटन-मीटरमध्ये अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने बदलता येणारी टी आकाराची मूठ मला पुरेशी वाटते. ठरलेला आकडा आला की ती आतून सुटते आणि पुढे बळ लावताच येत नाही, त्यामुळे आवाज ऐकू आला नाही तरी बिघडत नाही. स्टेशनच्या गोंगाटात ही फार मोठी सोय आहे. घेताना बिटची (बोल्टमध्ये बसणाऱ्या टोकाची) लांबी मात्र तपासावी. काही सीटपोस्टच्या क्लॅम्पचे बोल्ट खोल खाचेत असतात आणि आखूड बिट तेथपर्यंत पोहोचत नाही.

चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करणारा

आमच्याकडे जुळणीच्या प्रत्येक जागेवर टॉर्क रेंच असतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. क्लिक पद्धतीच्या पान्याची अचूकता साधारणपणे त्याच्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून पुढे गृहीत धरली जाते. मोटारीच्या चाकांचे नट आवळण्याचा अर्धा इंची पाना सायकलच्या स्टेमला निरुपयोगी ठरतो तो यामुळेच. आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे १० न्यूटन-मीटरपर्यंत क्षमता असलेल्या क्लिक पान्याला ६ टक्के आणि त्याहून मोठ्याला ४ टक्के चूक चालते. म्हणजे ५ वर लावलेला चांगला छोटा पाना ४.७ ते ५.३ च्या दरम्यान सुटेल. सायकलसाठी एवढे पुष्कळ झाले. याहून बारीक अचूकतेसाठी दुप्पट पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कमी टॉर्कवर क्लिक फार हलका लागतो. हँडल झटक्याने ओढणारा माणूस तो ओलांडून पुढे जातो, म्हणून मुठीच्या मध्यावर धरून सावकाश ओढावे आणि क्लिक झाला की थांबावे. खात्रीसाठी पुन्हा ओढले की बोल्ट आणखी थोडा फिरतो. स्टेमला चार बोल्टचे झाकण असल्यास थोडे थोडे तिरक्या जोडीने आवळावे, अर्थात स्टेमच्या उत्पादकाने वरचे बोल्ट आधी आवळण्यास सांगितले असल्यास त्याचेच ऐकावे. काम संपल्यावर पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, आणि जाम बोल्ट सोडवण्यासाठी तो कधीही वापरू नये.

घरी शंका आली तर एक ढोबळ चाचणी करता येते. पान्याचा चौकोनी टोकाचा भाग व्हाइसमध्ये पकडून पाना आडवा ठेवावा आणि टोकाच्या मध्यापासून १७ सेंटीमीटरवर ३ किलोचे वजन अलगद लटकवावे. ते जवळजवळ ५ न्यूटन-मीटर होते. पान्याचे स्वतःचे वजनही त्यात मिसळते, त्यामुळे याला कॅलिब्रेशन (प्रमाणित मापाशी केलेली पडताळणी) म्हणता येणार नाही, पण पाना पुरता भरकटला असल्यास ते लगेच उघड होते.

रत्नागिरीहून

आमच्याकडे खाऱ्या हवेमुळे बोल्ट लवकर गंजतात, आणि गंजलेल्या आट्यांवर टॉर्क रेंचचा आकडा फसवा ठरतो. लावलेल्या बळाचा बहुतांश भाग, साधारण नव्वद टक्के, घर्षणातच जातो आणि प्रत्यक्ष पकड उरलेल्या थोड्या भागातून मिळते. आटे खरबरीत झाले की ५ चा क्लिक होतो, पण पकड पाचाची नसते. त्यामुळे मी आधी बोल्ट काढून ब्रशने साफ करतो, उत्पादकाने सांगितले असेल तेथे आट्यांना ग्रीस लावतो आणि मगच पाना हाती घेतो. कार्बनच्या पृष्ठभागावर मात्र ग्रीस नव्हे, खरखरीत कणांची कार्बन पेस्ट लावतो, म्हणजे कमी टॉर्कमध्येही सीटपोस्ट घसरत नाही.

पाना म्हणून मी काट्याचा, म्हणजे वाकणाऱ्या दांड्याचा साधा प्रकार वापरतो. त्यात स्प्रिंग सैल पडण्याची भानगड नाही, आणि काटा शून्यावर परतला नाही तर तो हलकेच वाकवून जागेवर आणता येतो. अट एवढीच की आकडा सरळ समोरून वाचला पाहिजे, आणि सायकलच्या आडोशाच्या जागी ते नेहमी जमत नाही.

म्युनिकहून

माझ्याकडे वेराचा २.५ ते २५ न्यूटन-मीटरचा पाना आहे, आणि चाकणकरांचा २० टक्क्यांचा नियम लावला तरी स्टेमचे ५ बरोबर सीमेवर बसतात. ज्यांना क्रँक आणि स्टेम दोन्ही एकाच पान्यात हवे आहेत त्यांनी हा पर्याय विचारात घ्यावा. ज्यांची बहुतेक कामे ४ आणि ५ ची आहेत त्यांनी पुणेकरांचा १४ पर्यंतचा पाना घ्यावा.

आणखी एक मुद्दा येथे कोणी मांडलेला नाही. अनेक क्लिक पाने फक्त उजवीकडे आवळताना मोजतात, म्हणून दोन्ही दिशांचा महाग पाना घ्यावा की नाही असा प्रश्न मला दुकानात पडला होता. सामान्य सायकलवर उलटे आटे मुख्यतः डाव्या पेडलला आणि इंग्लिश पद्धतीच्या बॉटम ब्रॅकेटच्या उजव्या कपाला असतात, आणि या दोन्हींना ३५ न्यूटन-मीटरच्या पुढेच बळ लागते. छोट्या पान्यासाठी त्या सोयीचे जादा पैसे मी दिले नाहीत.