मूळ अंकच उघडा
जुन्या कॉमिक्समधली कॉपीराइट संपलेली नायिका हवी तशी वापरता येते, असं म्हटलं जातं; पण ते अर्धंच खरं आहे. अमेरिकेत 1940च्या सुमारास छापलेल्या अंकांच्या कॉपीराइटचं 28व्या वर्षी नूतनीकरण करावं लागे. ते राहून गेल्यामुळे कितीतरी नायिका सगळ्यांच्या झाल्या. पण मोकळा होतो तो जुना अंक. पुढे दुसऱ्या प्रकाशकाने तिला दिलेला पोशाख किंवा नवी शक्ती त्याचीच राहते. म्हणून मूळ पानांवरूनच काम करावं.

1940च्या 'जंगल कॉमिक्स'मधली फँटोमा बघा. शिक्षा द्यायला निघाली की तिच्या चेहऱ्याची निळी कवटी होते, सोनेरी केस मात्र तसेच! छापील पानावर ही कवटी आधीच नजरेत भरते. मोबाइलवर वरून खाली सरकणाऱ्या चौकटींत ती वाचकाच्या बोटाखाली हळूहळू उघडता येईल. स्वतंत्र चित्रकारांनी हे जरूर करावं.