ऑरगॅनिक नेमकं कशाकशाचं घ्यावं?

ऋतुजा_के:
घरात दोन लहान मुलं आहेत. सगळंच ऑरगॅनिक घेणं खिशाला झेपत नाही आणि काहीच नाही घेतलं तर मन खातं. 'सगळं थोतांड' आणि 'सगळं विष' ही दोन उत्तरं मिळून झालीत. तिसरं कुणाकडे आहे का?

बिनसाखर:
अमेरिकेतली ईडब्ल्यूजी ही संस्था दरवर्षी 'डर्टी डझन', म्हणजे कीटकनाशकांचे अंश सगळ्यात जास्त सापडणाऱ्या फळं-भाज्यांची यादी काढते. स्ट्रॉबेरी, पालक त्यात हमखास असतात. कांदा, अननस सगळ्यात कमी अंशवाल्या 'क्लीन फिफ्टीन'मध्ये. यादी फ्रिजवर चिकटवा, विषय संपला.

जुना_लॅबवाला:
इतक्यात नाही संपत हो. फळं-भाज्यांमधले कीटकनाशकांचे अंश तपासण्यात माझी नोकरी गेली. आमची यंत्रं अब्जात एक भाग असला तरी पकडतात. त्यामुळे 'सापडलं' एवढ्यावर घाबरू नका, मर्यादेच्या तुलनेत किती सापडलं ते विचारा. या यादीवर तज्ज्ञांचा वर्षानुवर्षं हाच आक्षेप होता. शिवाय तिच्यामागची आकडेवारी अमेरिकी कृषी खात्याची. तिथे नमुना आपण खातो तसाच तयार करतात, म्हणजे सफरचंद धुऊन, केळं सोलून.

ऋतुजाताई, मी दोनच गोष्टी बघतो. साल पोटात जाते का, आणि तो जिन्नस घरात रोज लागतो का? दोन्हींना 'हो' असेल तर ऑरगॅनिक. वजनाच्या मानाने मुलं आपल्यापेक्षा जास्त खातात, तेव्हा त्यांचं रोजचं लाडकं फळ आधी धरा. स्ट्रॉबेरीला सोलायला सालच नाही, वर बियांच्या खाचा. केळं, अननस, कांदा बिनधास्त साधे घ्या.

बिनसाखर:
सोड्याच्या पाण्यात धुतलं की झालं ना?

जुना_लॅबवाला:
बरंचसं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये सफरचंदांवर प्रयोग झाला होता. लिटरभर पाण्यात साधारण दोन लहान चमचे खायचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटं बुडवल्यावर पृष्ठभागावरचे अंश साध्या पाण्यापेक्षा खूपच चांगले निघाले. पण थायाबेंडाझोल नावाचं बुरशीनाशक थोडं सालीतून आत मुरलेलं होतं, ते कुठल्याच धुण्याने जात नाही. सोललं की जातं, पण मग सालीतला चोथाही गेला.

आणि ऑरगॅनिक म्हणजे बिनफवारणीचं, ही समजूत आधी काढून टाका. तांबं, गंधक, स्पिनोसॅड नावाचं कीटकनाशक तिथेही चालतं. तेव्हा धुवायचं तेही.

ऋतुजा_के:
म्हणजे स्ट्रॉबेरी, सफरचंद आणि पालक ऑरगॅनिक, बाकी साधं. फ्रोजन मटार? धाकटा त्याच्यावरच जगतो.

जुना_लॅबवाला:
साधेच घ्या. दाणे शेंगेत झाकलेले असतात, फवारा वरच्या टरफलावर बसतो आणि ते आपण खात नाही. वाचलेले पैसे पालकावर घाला. थोरला पालक खातो का, ते मात्र आधी बघा.

ऋतुजा_के:
खात नाही. 😄