उपास हळूहळू कसा वाढवला? आपापले अनुभव सांगा

चातुर्मास तोंडावर आलाय म्हणून हा धागा. मी जळगावचा, वय 46. मागच्या वर्षी एकदम 24 तासांचा घाट घातला आणि संध्याकाळी पाचला डोकं असं ठणकलं की टपरीवर उभं राहून चहा नि दोन कचोऱ्या हाणल्या. भूक नव्हती हो ती, रोजचे पाच चहा एका दिवसात बंद केले त्याचं ते डोकं! यंदा आधी दोन आठवडे चहा दोनावर आणला, मग रात्रीचं जेवण दर आठवड्याला अर्धा तास अलीकडे ओढलं. आता साडेसातला ताट उचललं जातं, सकाळी साडेनऊला पहिला घास, म्हणजे 14 तास, त्यातले सात झोपेतच. पण 16 काही होईना. डॉक्टरकी नको, अंगावर आलेलं लिहा.

यावलहून:
16 चं कोडं सकाळी नाही, आदल्या रात्री सुटतं भाऊ. रात्री शेवभाजी झाली की सकाळी सातला पोट बोंबलतं, तहान तर विचारूच नका. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, पालेभाजी नि तांब्याभर ताक घेतलं तर अकरापर्यंत आठवण येत नाही.

अमळनेरहून:
आमच्या जैनांत पायऱ्या आयत्याच आहेत. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटं तोंडात काही नाही, मग पोरसी म्हणजे दिवसाचा पहिला प्रहर संपेपर्यंत, मग बियासणं दोनदाच बसून, एकासणं एकदाच, नि उपवासाला फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. नवकारशीपासून अठ्ठाईपर्यंत (सलग आठ उपवास) यायला मला चार पर्युषणं, म्हणजे चार वर्षं लागली. तिसरा दिवस सगळ्यात वाईट, जीभ पांढरी, जिना चढताना भिंत धरायची, चौथ्यापासून मात्र हलकं वाटायला लागलं. पारणं मुगाच्या पाण्याने, चमच्याचमच्याने. चुलतभावाने त्याच दुपारी श्रीखंड-पुरी ओढली, नि रात्रभर आम्ही सगळे त्याच्या उशाशी.

साक्रीहून:
आमची एकादशी म्हणजे दुप्पट खाशीच, खिचडी, केळ्याचे वेफर, वर रताळ्याचा कीस. आधी वेफर सोडले, दोन महिन्यांनी साबुदाणा, मग एकवेळ भगर नि दाण्याची आमटी, आता ताक नि लिंबूपाण्यावर निघते. सासूबाईंना अजून पटत नाही, दर एकादशीला दुपारी दारात उभ्या, "माय वं, जेवस नही का तू?"

भुसावळहून:
2019 चा रमजान आमच्याकडे मे महिन्यात आला होता, 44 चा पारा नि साडेचौदा तास पाणीसुद्धा नाही. मोठ्यांना सवय, पण पोरांना आम्ही आधी दुपारपर्यंतचाच रोजा धरायला लावतो, मग एखादा जुम्मा पूर्ण.

शिरपूरहून:
मला साखर आहे, गोळी घेऊन न्याहारी पुढे ढकलायचा शहाणपणा केला. साडेदहाला बँकेच्या रांगेत दरदरून घाम, हात थरथर, स्लिपवरचे आकडे दिसेनात. मागच्या ताईंनी पर्समधून दोन चॉकलेटं काढून दिली, नाहीतर तिथंच आडवा झालो असतो. घरी येऊन मोजली तर चॉकलेट खाऊनही 64. डॉक्टर आधी ओरडले, मग गोळी बदलली नि 12 तासांपासून परत सुरुवात करायला लावली. सहा महिने झाले, अजून 13 वरच आहे आणि तिथंच बरा आहे. साखरवाल्यांनो, गोळीचं विचारल्याशिवाय एक तासही वाढवू नका.

जळगावहून परत:
सगळं वाचलं, शिरपूरवाले काका, घाबरवलंत. यावलवाले भाऊ, कळण्याला उडीद किती घालता?

यावलहून:
आमच्या घरी किलोभर ज्वारीला पाव किलो, सालासकट, नि मीठ गिरणीवर दळतानाच. पीठ जास्त बारीक करू नका.