मदत हवी आहे: हायब्रिड एसयूव्हीची मोठी बॅटरी खरंच गेली आहे का?

पांढरा_हत्ती

मंडळी, गाडी आलिशान वर्गातली हायब्रिड एसयूव्ही, २०१३ सालची, १,३८,००० किलोमीटर झालेली, सेकंडहँड. ३.५ लिटर व्ही६ पेट्रोल, पुढे दोन मोटर-जनरेटर, मागच्या चाकांना वेगळी मोटर, मागच्या सीटखाली २८८ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर दुसऱ्याच प्रतिसादापासून 'कोणाची गाडी भारी' सुरू होईल.

लक्षणं अशी: उन्हात चढ लागला की सीटखालचा पंखा जोरात घोंघावतो. डॅशबोर्डवरच्या बॅटरी-मीटरच्या पट्ट्या दहा मिनिटांत आठवरून दोनवर आणि परत वर, अशी पळापळ. परवा हायब्रिड सिस्टिम तपासा असा संदेश आला, स्कॅनरवर कोड पी०ए८०. वर्कशॉपचं उत्तर एका ओळीचं: पूर्ण पॅक बदला.

कोड उमटला त्या क्षणाची साठवलेली नोंद: बॅटरीचे तीन तापमान सेन्सर ४७, ५५ आणि ४९ अंश, आत येणारी हवा ३३ अंश, पंखा सर्वात वरच्या वेगावर.

आणखी दोन शंका. तीन आठवडे गाडी उभी राहिली की १२ व्होल्टची बॅटरी बसते, हे नॉर्मल आहे का? आणि सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा, आगाऊ धन्यवाद.

नटबोल्ट

पॅकची ऑर्डर देऊ नका, आधी पंखा बघा. आत येणारी हवा ३३ आणि मधला सेन्सर ५५, तेही पंखा पूर्ण वेगात असताना? म्हणजे पंखा फिरतोय, पण हवा पोचत नाही. हा पंखा केबिनमधलीच हवा ओढतो. गालिच्याचे तंतू, केस, धूळ, कुत्रं असेल तर त्याची लव, सगळं जाळीतून आत जाऊन पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखं बसतं. ही पाती पिंजऱ्याच्या आकाराची असतात. त्यांच्यातल्या फटी बुजल्या की आवाज वाढतो आणि हवा कमी होते. जाळी वरून स्वच्छ दिसते म्हणून कोणी आत बघत नाही.

काम असं करा. गाडी बंद, चावी दूर ठेवा. स्मार्ट की खिशात असेल तर गाडी जागी होते. १२ व्होल्टची निगेटिव्ह तार काढा. सीटच्या पिवळ्या जोडण्या एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावण्याआधी किमान ९० सेकंद थांबा. मग सीट, मग हवेची प्लास्टिक नळी, मग पंखा. पंखा बाहेर आल्यावर मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम. पाण्याखाली धरू नका, मोटर त्याच घरात आहे. पात्यांवर एखादी छोटी पत्र्याची क्लिप दिसेल, ती तोल साधण्यासाठी आहे. कचरा समजून उपटलीत तर पंखा कायमचा थरथरेल.

कॉम्प्रेसरची हवा बॅटरीच्या दिशेने मारू नका. पात्यांवरचा सगळा गाळ मॉड्यूलच्या फटींत जाऊन बसेल आणि तो काढायला पॅक उघडावा लागेल.

ओहमकार

नटबोल्ट यांच्याशी सहमत, पण अर्धाच. पी०ए८० हा तापमानाचा कोड नाही. ब्लॉक-ब्लॉकमधला व्होल्टेजचा फरक मर्यादेबाहेर गेला की तो येतो. पंखा बुजल्याने हा फरक वाढू शकतो, पण पंखा साफ केला की फरक मिटेलच असं नाही. आकडे बघितल्याशिवाय कोणीच काही बोलू नये, वर्कशॉपनेही.

२४० सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणून २८८. आठ सेलचं एक मॉड्यूल, दोन मॉड्यूलचा एक ब्लॉक, म्हणजे नाममात्र १९.२ व्होल्ट. स्कॅनरवर असे १५ ब्लॉक दिसायला हवेत. तीन वेळा नोंद घ्या: गाडी रेडीत (डॅशबोर्डवर 'रेडी' दिसतं, म्हणजे निघायला तयार) शांत उभी असताना, डिस्चार्ज होताना आणि चार्ज होताना.

डिस्चार्जसाठी चाकांना ठोकळे लावा, पाय ब्रेकवर, इंजिन आपोआप बंद झालेलं असताना गिअर एनमध्ये (न्यूट्रल) टाका आणि एसी पूर्ण ताकदीवर. एनमध्ये इंजिन बॅटरी चार्ज करत नाही आणि एसीचा कॉम्प्रेसर मोठ्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे चार्ज सावकाश उतरतो. ६० टक्क्यांवरून ४५ पर्यंत येऊ द्या, त्याखाली नको. मग पीमध्ये (पार्क) टाका, इंजिन सुरू होऊन चार्जिंग सुरू होईल, तेव्हा पुन्हा १५ आकडे लिहा.

बघायचं काय, तर एखादा ब्लॉक डिस्चार्जमध्ये बाकीच्यांपेक्षा खाली पडतो *आणि* चार्जमध्ये बाकीच्यांपेक्षा वर चढतो का? तसं असेल तर त्या ब्लॉकचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढला आहे. नुसताच खाली राहतो, वर चढत नाही, तर सेल चार्ज धरत नाही. दोन्ही आजार वेगळे, औषध वेगळं.

निवांत_चालक

अवांतर, पण १२ व्होल्टचं उत्तर देऊन टाकतो. गाडी झोपेत असतानाही रिमोटचा रिसीव्हर, अलार्म वगैरे मिळून ३० ते ५० मिलिअँपिअर घेतात. ४० धरा, दिवसाला जवळपास १ अँपिअर-तास, २१ दिवसांत २०. नव्या ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीला हे झेपतं. पाच वर्षं जुन्या, निम्म्यावर आलेल्या बॅटरीला नाही.

हायब्रिडमध्ये ही बॅटरी इंजिन फिरवत नाही, फक्त संगणक आणि रिले जागे करते. त्यामुळे साध्या गाडीसारखं 'स्टार्टर जड फिरतोय' असा इशारा मिळत नाही. एके दिवशी डॅशबोर्डवर दिवाळी होते, बस्स. मीटर लावा: रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ उत्तम, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली तर बदला. रेडीत १३.८ ते १४.५ दरम्यान आलं की कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीवरून ही १२ व्होल्टची चार्ज करतो तो) ठीक.

उभ्या गाडीसाठी आठवड्याला तासभर रेडीत ठेवा. पाच मिनिटांनी काही होत नाही, त्यातली निम्मी वीज दारं-दिवे-स्क्रीनमध्येच जाते. नुसतं इग्निशन ऑन करून ठेवलंत तर उलट उतरेल, कारण कन्व्हर्टर फक्त रेडीत चालतो. आणि जंप देताना लाल-काळं उलटं झालं तर मुख्य फ्यूज जातो. बॅटरीची किंमत वाचवायला जाऊन भलतंच होऊन बसेल.

पांढरा_हत्ती

ओहमकार सर, १५ ब्लॉक दिसले. शांत असताना सगळे १९.८ ते १९.९. डिस्चार्जमध्ये बाकीचे १८.६ च्या आसपास, आठवा ब्लॉक १७.१. चार्जमध्ये बाकीचे २१.३, आठवा २२.४.

आठवाच का? आणि फक्त त्या ब्लॉकची दोन मॉड्यूल बदलली तर चालेल का? एक मेकॅनिक जुन्या पॅकमधली मॉड्यूल टाकून द्यायला तयार आहे.

ओहमकार

आठवा म्हणजे बरोबर मधला. कडेच्या मॉड्यूलची उष्णता बाहेर निघते, मधल्यांना दोन्ही बाजूंनी शेजारी तापवतात. तुमचा ५५ अंशांचा सेन्सरही मधलाच. हवा कमी पडली की पहिला बळी तिथेच जातो.

पण तुमचे आकडे वाचून जरा बरं वाटलं. खाली पडतो *आणि* वर चढतो, म्हणजे रोध. रोध सेलच्या आत असू शकतो, किंवा मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर. या पट्ट्यांवर आणि नटांखाली हिरवट-काळा थर चढतो. व्होल्टेज मोजणारी बारीक तार त्याच नटाला बांधलेली असते, त्यामुळे थराचा रोधही संगणकाला ब्लॉकचाच रोध वाटतो. मॉड्यूल निरोगी असूनही पी०ए८० येऊ शकतो तो असा. मॉड्यूल बदलण्याआधी पट्ट्या तपासायच्या.

जुन्या पॅकमधली मॉड्यूल नकोत. नवी क्षमता ६.५ अँपिअर-तास असते, तुमची बाकीची २८ समजा ४.५ वर आली असतील. आणलेलं मॉड्यूल ५.५ चं निघालं तरी त्रास, ३.५ चं निघालं तरी त्रास. मालिकेत सगळ्यांतून सारखाच प्रवाह जातो, त्यामुळे सर्वात दुबळं मॉड्यूल आधी रिकामं होतं आणि आधी भरतं. आज आठवा दुरुस्त, दोन महिन्यांनी पाचवा, मग अकरावा. प्रत्येक मॉड्यूलची क्षमता चार्ज-डिस्चार्ज करून मोजली, जुळती निवडली आणि तीसही एका पातळीवर आणली तरच त्याला दुरुस्ती म्हणता येईल. ते काम काही दिवसांचं आहे. दुपारी गाडी देऊन संध्याकाळी नेणाऱ्यांकडे ते होत नाही.

नटबोल्ट

पट्ट्यांचं काम घरी करू नका, हे ठळक अक्षरांत वाचा. केशरी मूठ असलेला सर्व्हिस प्लग काढला की मालिका मधून तुटते आणि बाहेरच्या केशरी केबल सुरक्षित होतात. कपॅसिटर उतरायला १० मिनिटं थांबायचं आणि मीटरने शून्य बघूनच पुढे जायचं. पण पॅकच्या *आत* प्लगच्या दोन्ही बाजूंना शंभर-दीडशे व्होल्ट तसेच उभे असतात. पॅक उघडल्यावर कुठलाही प्लग त्यांना बंद करत नाही.

काम करणाऱ्याकडे १००० व्होल्टचे क्लास ० हातमोजे आहेत का ते विचारा. ते घालण्याआधी तोंडाशी गुंडाळून आत हवा कोंडतो का? सुईएवढं भोक असेल तर हवा निसटते, आणि तो हातमोजा नसल्यातच जमा. पान्याला इन्सुलेशन, हातात अंगठी-कडं नाही, शेजारी दुसरा माणूस. यातलं काही नसेल तर गाडी परत आणा.

पट्ट्या एका वेळी एकच बाजू काढून बारीक घासणीने तांबं चमकेपर्यंत साफ करायच्या. नट फार हलक्या हाताचे, साधारण ५ न्यूटन-मीटर. मनगटाच्या अंदाजाने आवळले तर मॉड्यूलचा प्लास्टिकमधला खांब फिरतो आणि मॉड्यूल बाद होतं. टॉर्क पाना नसलेल्या माणसाने हे काम हातात घेऊ नये.

ब्रेकबद्दल: वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटर करते, त्यामुळे डिस्कला घासच मिळत नाही. रात्रीच्या दमटपणाने गंज चढतो, सकाळी तो निघेपर्यंत खरखर. तेवढंच असेल तर दुर्लक्ष करा. पण डिस्कवर आतल्या बाजूला गंजाचा पट्टा कायम राहत असेल, तर कॅलिपरच्या पिना अडकल्या आहेत. वर्षातून एकदा पिना काढून साफ करा, सिलिकॉन ग्रीस लावा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी.

पॅड बदलताना एक पथ्य. या गाड्यांचा ब्रेक पंप दार उघडलं तरी स्वतःहून सुरू होतो. कॅलिपर खोललेला आणि पंपाने दाब दिला तर पिस्टन बाहेर, बोटं मध्ये. म्हणून स्कॅनरने यंत्रणा झोपवा किंवा १२ व्होल्ट तोडून ठेवा. दार उघडल्यावर दोन-चार सेकंद 'घुंऽऽ' आवाज येतो तो हाच पंप, घाबरू नका. पेडलला पाय न लावता तोच आवाज दर दहा-पंधरा सेकंदांनी येऊ लागला तर मात्र दाब गळतोय. ते काम लांबवायचं नाही.

निवांत_चालक

सीट निघालेलीच आहे तर बॉनेट उघडून इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी करून देतो तो) कूलंटची टाकीही बघून घ्या. इंजिनची वेगळी, ही वेगळी. रेडीत टाकीतलं कूलंट हलताना, उसळताना दिसायला हवं. डबक्यासारखं स्थिर असेल तर तिथला छोटा इलेक्ट्रिक पंप मेला. कोड पी०ए९३ येईपर्यंत वाट बघितली तर इन्व्हर्टर भाजतो, आणि त्याच्यापुढे बॅटरीचं बिल किरकोळ वाटेल. कंपनीने सांगितलेलंच कूलंट घाला, दुसऱ्या जातीचं मिसळू नका. बदलल्यावर हवा पूर्ण काढा. अडकलेल्या बुडबुड्यानेही पंप कोरडा फिरतो.

मागच्या मोटरच्या घरातलं ऑइल बहुतेक जण विसरतात. पुढचं बदलाल तेव्हा तेही बदला.

पांढरा_हत्ती

अपडेट. पंख्याच्या पात्यांवर बोटाच्या पेराएवढा राखाडी थर होता, सलग सोलून निघाला. पट्ट्यांचं काम हातमोजे आणि टॉर्क पाना असलेल्या माणसाकडून करून घेतलं. सातव्या-आठव्याच्या मधल्या पट्टीवर नटाभोवती हिरवी कडा होती.

त्याच चढावर, ३४ अंशांची हवा: मधला सेन्सर ४४, पंखा मधल्या वेगावर. डिस्चार्जमध्ये बाकीचे १८.६, आठवा १८.१. चार्जमध्ये २१.३ आणि २१.५. कोड पुसल्यावर ६०० किलोमीटरमध्ये परत आलेला नाही. इन्व्हर्टरचं कूलंट उसळतंय. १२ व्होल्टची रात्रीनंतर ११.९, ती बदलतो.

आता आठव्याचं काय करू?

ओहमकार

तूर्तास काही नाही. दीड व्होल्टचा फरक अर्ध्या व्होल्टवर आला, म्हणजे मोठा वाटा पट्टीचा होता. उरलेला अर्धा व्होल्ट सेलच्या म्हातारपणाचा, तो साफसफाईने जाणार नाही. दर ५,००० किलोमीटरला हेच १५ आकडे, याच पद्धतीने, साधारण याच तापमानाला वहीत लिहा. फरक एक व्होल्टकडे सरकू लागला की नव्या पॅकची चौकशी सुरू करा. तेव्हा पॅकची उत्पादन तारीख विचारा. ही रसायनं गोदामात पडूनही उतरतात, दोन-तीन वर्षं पडून असलेला 'नवा' पॅक घेऊ नका.

आणि सीटशेजारच्या जाळीवर पिशव्या, चादर, लहान मुलांचं सामान ठेवणं बंद. उन्हात काचा बंद, एसी चालू, म्हणजे पंख्याला गार हवा मिळेल. पंखा वर्षातून एकदा उघडा, कुत्रं असेल तर दोनदा.

पांढरा_हत्ती

कुत्रं आहे. लॅब्रॅडॉर.

नटबोल्ट

मग तीनदा.