चावडीवरची पाटी काढू नका

पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी म्हणजे इंग्रजांची शेखी, ती चावडीवरून काढून टाका, असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. पाटी सरकारने लावली असेल, पण गेलेली पोरं गावचीच होती. इंग्रजांच्या हिंदी फौजेतली, पुण्याचं नाव लावणारी सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढली, तिथल्या कूत गावाच्या वेढ्यात उपासमारीने खंगली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. तिकडे मेलेल्यांच्या बसऱ्यातल्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणवार नुसता आकडा. आपल्या पाटीवरही किती लढायला गेले, किती मेले एवढंच. म्हणून ती पुसली तर हातात काहीच उरत नाही.

नावं मात्र अजून सापडू शकतात. आमच्या पुरंदरकडच्या गावात एका घरी देव्हाऱ्यात टाकांशेजारी त्या युद्धाचं, तेव्हाचा इंग्रज राजा पंचम जॉर्जचा मुखवटा असलेलं मेडल आहे. चिंचेने घासल्यावर त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण स्वच्छ दिसली. चांदीची म्हणून अशी कित्येक मेडलं सोनाराकडे मोडीत गेली. तुमच्या गावात जुन्या फौजी घरांमध्ये आधी विचारा, कडेचा फोटो काढून ठेवा.