शास्त्रीय संगीताच्या सभागृहात तरुण श्रोते कसे येतील?

प्रश्न

मी एका छोट्या सभागृहाच्या कार्यक्रम समितीवर काम करते. आमच्याकडे गायन-वादनाचे कार्यक्रम नियमित होतात, कलाकार कसलेले असतात, ध्वनिव्यवस्थाही चांगली आहे; पण श्रोत्यांमध्ये विशी-पंचविशीतले चेहरे क्वचितच दिसतात. विद्यार्थ्यांसाठी तिकीट निम्म्या दरात दिले, तरी फारसा फरक पडला नाही. प्रत्येक कार्यक्रम तासाभरात आटोपावा आणि अधूनमधून फ्यूजन ठेवावे, असे काही सदस्यांचे म्हणणे आहे. संगीताला मुरड न घालता तरुणांना कसे आणता येईल?

प्रतिसाद १

फ्यूजनला माझा विरोध नाही, परंतु त्यासाठी आलेला श्रोता पुढच्या महिन्यात शास्त्रीय गायनातला ख्याल ऐकायला येईलच, असे गृहीत धरू नये. माझ्या मते नवख्या माणसाला संगीतापेक्षा सभागृहाचीच धास्ती अधिक वाटते. कार्यक्रम किती वेळ चालेल, मध्येच उठले तर चालेल का, दाद कधी द्यायची, हे त्याला कोणी सांगितलेले नसते आणि विचारायचा संकोच वाटतो. पाश्चात्त्य संगीताच्या सभागृहांत तर सिंफनीच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचनेच्या, दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवणे आज गैर मानले जाते; प्रत्यक्षात 1813 मध्ये व्हिएन्नात बेथोवनची सातवी सिंफनी प्रथम सादर झाली, तेव्हा तिचा दुसरा भाग श्रोत्यांच्या आग्रहावरून तिथल्या तिथे पुन्हा वाजवावा लागला होता. तेव्हा शिष्टाचार शिथिल करायला हरकत नसावी. निदान तिकिटासोबत चार ओळी पाठवा: मध्यंतर केव्हा आहे, उशीर झाल्यास दार केव्हा उघडेल, आणि आवडलेल्या जागेला मनमोकळी दाद दिली तर कलाकाराला आनंदच होतो.

प्रतिसाद २

मी गायन शिकवतो. कार्यक्रमपत्रिकेवर ‘राग भूप, विलंबित एकताल’ एवढेच छापले, तर जाणकाराला पुरेसे असते, नवख्याला मात्र त्यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी गायकाने सुरुवातीची पाच मिनिटे द्यावीत. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. भूपात मात्र वजन गंधारावर, म्हणजे ‘ग’वर, पडते आणि देशकारात धैवतावर, म्हणजे ‘ध’वर. गायकाने आधी गंधारावर विसावत भूपाची एक ओळ गावी, मग त्याच स्वरांतून वर जाऊन धैवतावर ठहरावे आणि श्रोत्यांना फक्त एवढेच विचारावे की काय बदलले. संगीताचा गंध नसलेली मुलेही हा फरक कानाने ओळखतात, हे मी वर्गात वारंवार पाहिले आहे, आणि एकदा तो कानात बसला की पुढचा तासभराचा विस्तार त्यांना लांबलेला वाटत नाही. उलट प्रत्येक आलापात गायक गंधाराकडे कसा परततो, याची ती वाट पाहू लागतात. वाद्यवृंद-संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी 1958 पासून न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासोबत मुलांसाठी केलेल्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांचा गाभाही हाच होता: संपूर्ण वाद्यवृंद समोर ठेवायचा, पण काय ऐकायचे ते आधी दाखवायचे. म्हणूनच कार्यक्रम तासाभरात आटोपण्याची सूचना मला मुळीच पटत नाही.

प्रतिसाद ३

तिकिटाबद्दल थोडे. लंडनमधील ‘प्रॉम्स’ या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफली 1895 मध्ये सुरू झाल्या, तेव्हापासून तिथे उभे राहून ऐकणाऱ्यांसाठी स्वस्त तिकिटे आहेत, आणि आजच्या सभागृहात त्यांतले बरेचसे लोक थेट मंचासमोर उभे असतात. आपल्याकडे सवलतीची जागा म्हणजे सहसा शेवटची रांग, जिथून तबलजीची बोटे दिसत नाहीत आणि गायकाची समेवरची (तालाच्या पहिल्या मात्रेवरची) मान हललेलीही कळत नाही. पुढच्या काही खुर्च्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवा. शिवाय सभागृहाने बाहेरही पडावे: किरण सेठ यांनी 1977 मध्ये सुरू केलेल्या स्पिक मॅके चळवळीने कलाकारांनाच शाळा-महाविद्यालयांत नेले.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

भूप-देशकाराची कल्पना समितीपुढे नक्की मांडते. पण नेहमीचे श्रोते अशा निरूपणाला कंटाळणार नाहीत का?

प्रतिसाद २ लिहिणारे

निरूपण गाऊनच झाले, तर सहसा कंटाळत नाहीत. भाषण लांबले की मात्र सगळेच चुळबुळ करू लागतात. गायकाला आधीच विचारून घ्या, कारण काहींना बोलणे नकोसे वाटते, आणि मग तेवढे काम एखाद्या शिष्याकडे द्यावे.