‘बोलणीनुसार’ की ‘बोलण्यानुसार’? फोनवर ठरलेल्या कामाच्या नोंदीविषयी

अनुवादिका : मी बरीच वर्षे स्वतंत्रपणे अनुवाद आणि लेखनाची कामे करते. कामाचे स्वरूप, मुदत आणि मोबदला हे सारे बहुतेक वेळा फोनवरच ठरते, म्हणून फोन ठेवल्यावर जे ठरले ते त्याच दिवशी लिहून पाठवण्याचा नेम मी पाळते. गेल्या आठवड्यात अशाच एका पत्राची सुरुवात मी ‘आज सकाळी आपल्याशी झालेल्या बोलणीनुसार’ अशी केली. तासाभरात त्या गृहस्थांचा पुन्हा फोन आला आणि त्यांचा आवाज दुखावलेला वाटला. “आपली बोलणी कधी झाली? मी तर तुमचे सगळे म्हणणे लगेच मान्य केले होते,” असे ते म्हणाले. त्यांच्या मते बोलणी होतात ती दोन पक्षांत काही अडलेले असते तेव्हा. एरवी बोलणी खावी लागतात. माझ्या घरात मात्र ‘त्यांच्याशी बोलणी झाली’ याचा अर्थ ‘सविस्तर बोलून झाले’ इतकाच होता, आणि त्यात तंट्याची छटा मला कधी जाणवली नाही. माझे दोन प्रश्न आहेत. येथे नेमका शब्द कोणता वापरावा? आणि फोननंतर पाठवायच्या अशा पत्राला मराठीत काही सुटसुटीत नाव आहे का?

मुद्रितशोधक : अर्थाकडे वळण्यापूर्वी रूप तपासावे असे मला वाटते, कारण ‘बोलणीनुसार’ हे रूपच मला मान्य नाही. ‘बोलणे’ हे नपुंसकलिंगी नाम आहे आणि ‘गाणे – गाणी’ याप्रमाणे त्याचे अनेकवचन ‘बोलणी’ होते. आपण ‘गाणीनुसार’ लिहीत नाही, ‘गाण्यांनुसार’ लिहितो. त्याच न्यायाने ‘बोलण्यांनुसार’ असे व्हायला हवे. घोटाळा होतो तो ‘बोलणी फिसकटली’ यासारख्या वाक्यांमुळे. ‘फिसकटली’ हे रूप नपुंसकलिंगी अनेकवचनाचेही आहे आणि स्त्रीलिंगी एकवचनाचेही, त्यामुळे ऐकणाऱ्याला ‘ती बोलणी’ हा एखादा स्त्रीलिंगी शब्द आहे असे वाटू लागते. ‘ही बोलणी’ म्हटल्यानेही उलगडा होत नाही. खरी कसोटी वर्तमानकाळात लागते. आपण ‘बोलणी चालू आहेत’ असे म्हणतो, ‘चालू आहे’ असे म्हणत नाही.

पाठ्यलेखिका : मुद्रितशोधकांचा व्याकरणाचा मुद्दा बिनतोड आहे, तरीही ‘बोलणीच्या फेऱ्या’ असे मी अनेकदा वाचले आहे आणि लिहिणारे काही अडाणी नव्हते. एखादे अनेकवचन एका विशिष्ट अर्थाला चिकटले की ते हळूहळू स्वतंत्र शब्द होऊन बसते. तसे पाहिले तर अनुवादिकाताईंचे गिऱ्हाईक आणि ताई दोघेही बरोबर आहेत. ‘बोलणे’ एकवचनात राहिले की गप्पाही चालतात आणि कामही चालते. अनेकवचन केले की समोरासमोर बसलेले दोन पक्ष डोळ्यांपुढे येतात. मी स्वतः ‘आज सकाळी आपले जे बोलणे झाले त्याप्रमाणे’ असे लिहिते. वाक्य लांबते, पण कोणी दुखावत नाही.

कोशप्रेमी : यासाठी मराठीत एक देखणा शब्द होता आणि आपण तो हातचा घालवला. तो शब्द म्हणजे ‘बोली’. ‘अमुक महिन्यात परत करण्याच्या बोलीवर घेतले’ यात बोली म्हणजे तोंडी ठरलेली अट. हा शब्द बोलण्यातूनच निघाला, पण त्याच्यात बांधिलकी आली. ‘सकाळी झालेल्या बोलीप्रमाणे मजकूर सोमवारी देते’ असे लिहिले तर बोलणे, ठरणे आणि बांधले जाणे या तिन्ही गोष्टी एका शब्दात येतात. शिवाय ‘फोन’ऐवजी ‘दूरध्वनी’ लिहावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. चांगला शब्द हाताशी असताना त्याला कोपऱ्यात बसवणे मला पटत नाही.

जाहिरातलेखक : ‘बोली’ वाचून आज लोकांना लिलाव आठवेल, नाहीतर प्रांतोप्रांतीची भाषा. ज्या पत्राचा उद्देशच गैरसमज टाळणे हा आहे, त्यात तीन अर्थांचा शब्द पहिल्याच ओळीत घालणे मला धोक्याचे वाटते.

‘दूरध्वनी’विषयी माझा विरोध अधिक ठाम आहे. आपण फोन लावतो, तो लागतो किंवा लागत नाही, कोणी तो उचलतो, कोणी ठेवतो, कोणी रागाने आपटतो. शिवाय ‘आमचा कालच फोन झाला’ असे म्हणतो, तेव्हा फोन या शब्दाचा अर्थ यंत्र किंवा जोडणी असा राहिलेला नसतो. तो ‘संभाषण’ असा झालेला असतो. ही सगळी क्रियापदे मराठी आहेत आणि ती या शब्दाभोवती वापरातून जमली आहेत. दूरध्वनी ‘केला’ आणि दूरध्वनी ‘आला’ यापलीकडे तो शब्द फारसा जात नाही. ताईंना मी ‘कालच्या फोनप्रमाणे’ हेच सुचवीन.

कोशप्रेमी : क्रियापदे वापरातून जमतात हे मान्य, पण वापर करायचाच नाही असे ठरवले तर ती कोठून जमणार? ‘दूरध्वनी’ आणि ‘महापौर’ हे दोन्ही शब्द सावरकरांच्या नावावर सांगितले जातात. ‘महापौर’ आपण बिनदिक्कत वापरतो, कारण तो सतत कानावर पडत राहिला. ‘टेलिफोन’मधल्या मूळ ग्रीक शब्दांचा अर्थही ‘दूर’ आणि ‘आवाज’ असाच आहे. नुसते ‘फोन’ म्हणणे म्हणजे अर्धा शब्द घेऊन नुसता ‘आवाज’ म्हणणे आहे.

मुद्रितशोधक : भाषाशुद्धीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी माधवराव पटवर्धनांचे उदाहरण ध्यानात ठेवावे. १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारा हा विद्वान पुढे स्वतः भाषाशुद्धीचा कैवारी झाला. म्हणजे परक्या शब्दांची घडण पुरती जाणून मग त्याने त्यांना नकार दिला. आपण नकार आधी देतो आणि जाणून घेणे राहून जाते. ‘मोबदला’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ अदलाबदल असा आहे. काम देऊन पैसे घेण्याच्या व्यवहाराला याहून प्रामाणिक शब्द मला ठाऊक नाही. ‘मानधन’ शुद्ध आहे खरे, पण फोनवर तो शब्द आला की रक्कम विचारण्याचा धीर लेखकाला होत नाही.

पटकथाकार : चर्चा ‘फोन’ आणि ‘दूरध्वनी’ यांवर अडकली आहे, पण मला अडचण त्याच्या अलीकडची वाटते. फोनवर आपण नेमके काय मान्य केले हेच दोघांना वेगवेगळे ऐकू येते, आणि त्याचे मूळ एका छोट्या उच्चारात आहे. तो उच्चार म्हणजे ‘हं’.

एका कामात माझ्याशी बोलणारे गृहस्थ सलग वीस मिनिटे कथानकातले बदल सांगत होते आणि मी मधूनमधून ‘हं… हं…’ म्हणत होतो. माझ्या मनात ते ‘ऐकतो आहे, पुढे सांगा’ एवढेच होते. आठवड्याभराने त्यांनी विचारले की नवीन तीन प्रसंग कोठे आहेत. मी चकित झालो. ते म्हणाले, “तुम्ही प्रत्येक प्रसंगाला हो म्हणालात.” त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला आजही शंका नाही. ते तीन प्रसंग मी जादा मोबदल्याशिवाय लिहून दिले.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत हे मला त्यानंतर प्रकर्षाने जाणवले. एक हुंकार आणि दुसरा होकार. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. तो थांबला की सांगणारा विचारतो, ‘झोपलास का?’ हुंकार म्हणजे जागे असल्याची खूण आणि होकार म्हणजे संमती. समोरासमोर बसलो असताना मान, डोळे, हातातले टिपण हे सगळे मिळून त्या दोहोंतला फरक दाखवतात. फोनवर केवळ आवाज उरतो, आणि गप्प राहिले तर पलीकडून ‘ऐकताय ना?’ असा प्रश्न येतो, म्हणून हुंकार तर द्यावाच लागतो. आता मी जाणीवपूर्वक ‘लिहून घेतोय’ असे म्हणतो. ते ऐकल्याचेही कळवते आणि संमतीही देत नाही.

पाठ्यलेखिका : पटकथाकारांनी फार महत्त्वाचे सांगितले. चेहरा दिसत नसल्याची ही अडचण फोनच्या जन्मापासूनची आहे. बेल यांना १८७६ मध्ये पेटंट मिळाले, आणि संभाषण कोणत्या शब्दाने सुरू करावे हा प्रश्न लगेच उभा राहिला. बेल यांना खलाशांची ‘अहॉय’ ही हाक पसंत होती. एडिसन यांनी १८७७ च्या ऑगस्टमधल्या एका पत्रात ‘हॅलो’ सुचवले आणि तेच रूढ झाले. सुरुवातीचा शब्द सापडला, मधल्या हुंकाराचा मात्र कोणी विचार केला नाही.

मला स्वतःला सर्वांत अधिक छळले आहे ते मुदतीच्या शब्दांनी. ‘दोन दिवसांत’ आणि ‘दोन दिवसांनी’ यांतला फरक एका प्रत्ययाचा आहे, पण पहिल्यात काम दोन दिवस संपण्याआधी हवे असते आणि दुसऱ्यात ते संपल्यावर. फोनवर शेवटचे अक्षर गिळले गेले की तो फरक संपला. ‘बुधवारपर्यंत’ यात बुधवार धरायचा की नाही, यावर माझे दोन वेळा मतभेद झाले आहेत; मी मंगळवारची रात्र धरली होती आणि समोरच्यांनी बुधवारची संध्याकाळ. सुदैवाने माझी चूक सोयीच्या बाजूची होती. ‘आठ दिवसांत’ म्हणजे एक आठवडा हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही, पण दुसऱ्या भाषेत विचार करणारा माणूस खरोखर आठ दिवस मोजतो.

आणि ‘परवा’! हिंदीतल्या ‘कल’सारखा घोटाळा मराठीत नाही, कारण आपल्याकडे ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे आहेत, असे आपण मानतो. परंतु ‘परवा’ आणि ‘तेरवा’ दोन्ही दिशांना चालतात. एरवी क्रियापद सांभाळून घेते, ‘परवा पाठवले’ आणि ‘परवा पाठवीन’ यांत शंका राहत नाही. मला एकदा सांगण्यात आले, “परवाची प्रत अंतिम धरा.” त्या वाक्यात काळ सांगणारे काहीच नव्हते. मी दोन दिवसांपूर्वी पाठवलेली प्रत अंतिम धरली आणि काम मिटले असे समजले. त्यांना मात्र दोन दिवसांनी सुधारणांसह येणारी प्रत अभिप्रेत होती. तेव्हापासून मी फोनवरसुद्धा वार आणि तारीख दोन्ही उच्चारते, आणि समोरच्याकडून ती परत वदवून घेते.

विधी-अनुवादक : मूळ पत्राच्या नावाविषयी एक सूचना आहे. जुन्या कारभारात ‘रुजवात’ असा शब्द होता. दोन नोंदी समोरासमोर ठेवून ताडून पाहणे असा त्याचा अर्थ आहे. फोनवर दोघांनी जे ऐकले ते ताडून पाहण्यासाठी पाठवलेले पत्र म्हणून ‘रुजवातपत्र’ म्हणता येईल. ‘कबुलायत’ही सुचते, पण तिच्यात एका बाजूने खाली मान घालून मान्य केल्याचा भाव येतो, म्हणून ती नको.

जाता जाता ‘गिऱ्हाईक’ या शब्दाविषयी सांगतो. वर तो वापरला गेला आहे, तो मला खटकला. वकिलाच्या बाबतीत आपण ‘अशील’ म्हणतो, आणि त्या अरबी शब्दाचा अर्थ ‘मूळ माणूस’ असा आहे; वकील हा त्याच्या वतीने बोलणारा. लेखकही पुष्कळदा दुसऱ्याच्या वतीने लिहीत असतो. मग लेखकालाही अशील का नसावेत?

जाहिरातलेखक : कारण ‘माझ्या अशिलाचा फोन आला’ असे लेखकाने म्हटले तर ऐकणारा आधी खटला कोणता हे विचारील. ‘गिऱ्हाईक’ हा ‘ग्राहक’ या संस्कृत शब्दाचाच वापरून गुळगुळीत झालेला भाऊ आहे, आणि त्यात मला कमीपणा दिसत नाही. ‘रुजवात’ मात्र मला आवडला.

कोशप्रेमी : त्या बाजूला काय म्हणावे यापेक्षा या बाजूला काय म्हणावे हा माझ्या मते मोठा प्रश्न आहे. ‘फ्रीलान्स’ हा शब्द वॉल्टर स्कॉट यांच्या ‘आयव्हॅनहो’ या १८१९ च्या कादंबरीत कोणा एका धन्याशी न बांधलेल्या भाडोत्री भालाइतांसाठी आला आहे. आपल्याकडे याच्या जवळचा शब्द तयार आहे. पागेतल्या सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. आपले यंत्र, आपली जोडणी, आपले कोश आणि आपला वेळ घेऊन कामाला उतरणाऱ्या लेखकाला ‘शिलेदार लेखक’ म्हणावे असे मला मनापासून वाटते. ‘मुक्त लेखक’ म्हटले की समोरच्याला वाटते हा केव्हाही मोकळाच आहे, आणि मग रात्री अकरा वाजता फोन येतो.

मुद्रितशोधक : ‘शिलेदार’ हा शब्द फार्सी वळणाचा आहे, हे कोशप्रेमींनी ‘दूरध्वनी’चा आग्रह धरताना आठवावे.

कोशप्रेमी : तो इतकी शतके मराठीत लढला की मराठी झाला.

जाहिरातलेखक : मग ‘फोन’लाही तेवढी मुदत द्यावी.

अनुवादिका : सर्वांची मी आभारी आहे. चर्चा वाचून पत्राची पहिली ओळ मी अशी बदलली : ‘आज सकाळी फोनवर आपले जे बोलणे झाले, त्यातले मला उमगलेले मुद्दे ताडून पाहण्यासाठी खाली लिहीत आहे.’ ‘ठरलेले मुद्दे’ असे न लिहिता ‘उमगलेले’ असे लिहिले, ते पटकथाकारांच्या हुंकारामुळे. ‘रुजवात’ विषयाच्या ओळीत घालावा असे वाटले, पण धीर झाला नाही. ‘बोलण्यांनुसार’ हे रूप शुद्ध असले तरी त्या गृहस्थांच्या मनातली शंका त्याने मिटली नसती.

पत्र मिळाल्यावर त्यांचा पुन्हा फोन आला. सर्व मुद्दे मान्य आहेत का, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “बरं, बघून कळवतो.” हा होकार समजून मी काम सुरू करावे का?

पाठ्यलेखिका : ‘कळवतो’ की ‘कळवतोच’? शेवटी ‘च’ होता का, ते आठवून पाहा.

पटकथाकार : ‘च’ असला तरी थांबा. माझ्या अनुभवात ‘कळवतोच’ म्हणणाऱ्यांनी अधिक उशिरा कळवले आहे.